नऊ वर्षं पडलेला वारा

माझ्या दाजींना, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, पवनचक्क्यांची आमची अख्खी साइट ‘ओळंबा’ म्हणायची. तोंडावर कोणाची छाती नव्हती, पण पाठीमागे सर्रास. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललेलं असलं तर त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माणूस बहिणीकडे बघेल की नाही? यांनी बघितली खिडकीची चौकट. म्हणाले, “डावीकडून बोटभर उतरलीय.” माझे वडील असे काही लाल झाले की विचारू नका. ताई मात्र खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी गुपचूप दोरी लावून पाहिलं, तर चौकट खरंच उतरलेली होती.

मी त्याच साइटवर स्टोअरकीपर. माझा स्वभाव चिडका आहे हे मला कोणी सांगायला नको. सव्वीस वर्षं लोकांनी वहीत न लिहिता नेलेले पाने-हातोडे शोधत बसलात तर तुमचाही होईल. पण दाजींनी एकदाही न लिहिता वस्तू नेली नाही. साधं फडकं नेलं तरी लिहायचे, आणि अक्षर असं की रेघेच्या खाली काना जाणार नाही.

आमच्या कड्यावर चौदा पवनचक्क्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा आसपास दुसरी एकही नव्हती. पायाचे बोल्ट आवळायला जी टोळी होती तिच्यात दाजी होते, वय असेल चोवीस; पुढे तेच टोळीचे फोरमन झाले. पहिली चक्की फिरली त्या दिवशी लोक डबे घेऊन बघायला आले होते. पुढे समोरच्या कड्यावर मोठ्या आल्या, त्याच्या पलीकडे आणखी मोठ्या, आणि मग तर मोजायचं सोडूनच दिलं आम्ही. आमच्या सहा मिळून जेवढी वीज काढायच्या तेवढी तिकडची एकटी काढते. तिचा एक बोल्ट माझ्या मनगटाएवढा. एकदा चुकून आमच्या स्टोअरला आला, तर तो दोघांनी उचलून परत गाडीत टाकला. आम्ही आपले आमच्या चौदा घेऊन बसलो होतो, बावीस माणसं. त्या चालू राहिल्या तर आमचं घर चालू, इतका साधा हिशेब.

आता चक्कीचं एक सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. चक्कीला वाऱ्याकडे नाक करून उभं राहावं लागतं. वारा फिरला की तिनं मान फिरवायची. वारा कुठून येतोय हे तिला सांगायला तिच्या डोक्यावर, टपावर, एक छोटं शेपूट बसवलेलं असतं. आम्ही त्याला कोंबडा म्हणतो. कोंबडा सांगेल तिकडे एवढं मोठं धूड निमूटपणे वळतं. म्हणून कोंबडा बसवताना त्याच्यावरची खूण बरोबर चक्कीच्या तोंडाच्या दिशेला ठेवावी लागते.

ही खूण जुळवायचं एक यंत्र मिळतं. आमच्या स्टोअरमध्ये होतं, डबा न फोडलेला. मी दाजींना म्हटलं होतं, घेऊन जा. ते म्हणाले, “त्याच्यापेक्षा माझे डोळे जुने आहेत.” त्यांची रीत ठरलेली होती. टपावर कोंबड्याच्या मागे बसायचं, एक डोळा मिटायचा, आणि कोंबड्याची खूण थेट पात्यांच्या मधल्या नाकावर आणायची. बंदुकीचा नेम धरल्यासारखी. मीही हसलो आणि डबा वरच्या फळीवर सरकवला. अहो, ज्या माणसाला बोटभर उतरलेली चौकट दारातून दिसते, त्याला यंत्र कसलं देणार?

नऊ वर्षांपूर्वी सगळ्या चक्क्यांचे टप बदलले. जुने तडकले होते, आत पाणी जायचं. नवे टप छान होते, वर चढायला मधोमध झाकण दिलेलं. आधी भोकात अंग वळवून वर यावं लागायचं, खांदे सोलून निघायचे. आता झाकण उघडलं की माणूस सरळ वर. त्यामुळे कोंबड्याची दांडी मधून उठवून उजव्या बाजूला नेली होती, दीडएक हात. एका हंगामात चौदाही टप बदलले आणि चौदाही कोंबडे दाजींनी स्वतः बसवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

त्याच वर्षी वारा पडला.

म्हणजे आम्ही तसं म्हणायला लागलो. वीज कमी निघायला लागली, शंभराच्या जागी अठ्ठ्याऐंशी-नव्वद. एखादी चक्की मागे पडली असती तर कोणीतरी तिला उघडून बसलं असतं. पण चौदाच्या चौदा सारख्याच मागे. मग दोष कोणाचा? वाऱ्याचाच की. दाजी माझ्या काउंटरला टेकून सांगायचे, “वारा पूर्वीचा राहिला नाही रे.” घरातलं माणूस खंगत चालल्यासारखं सांगायचे. मी म्हणायचो, समोरच्या कड्यावर तर धो धो वीज निघतेय. ते म्हणायचे, “त्या उंच आहेत. वरचा वारा वेगळा.” पटायचं. साइटवर सगळ्यांना पटलं. पुढं पुढं तर कॅन्टीनवाला चहा उशिरा आला तरी म्हणायचा, वारा पडलाय. आमची वारा मोजायची जुनी काठी कधीच वादळात मोडली होती, ती कोणी परत उभी केली नाही. हेड ऑफिसची माणसं आली तर तीही मान डोलावून गेली. वरून म्हणाली, मशीनचं वय झालं.

दाजींना वयाचं बोललेलं खपत नसे. माझ्या चक्क्या म्हाताऱ्या नाहीत, वारा म्हातारा झालाय, असं ते साहेबांना तोंडावर म्हणाले होते. साहेब हसले. दाजी हसले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी हेड ऑफिसचं पत्र आलं. कड्यावरच्या जुन्या चक्क्या उतरवून तिथे चारच मोठ्या बसवायचा विचार आहे. पण एक वर्ष देतो. सुरुवातीला जेवढी वीज काढायच्या त्याच्या शंभरातले नव्वद काढून दाखवा, आणखी दहा वर्षं हात लावत नाही. नव्या चारांना माणसं लागणार होती तीन, तीही बाहेरून. म्हणजे नव्वद आले तर बावीस जण राहणार, नाही आले तर बावीस जण घरी. आम्ही तेव्हा पंच्याऐंशी-शहाऐंशीवर होतो.

त्या वर्षासारखं वर्ष दुश्मनावरही येऊ नये. दाजींनी माणसं पिळून काढली, आणि स्वतःला त्याहून जास्त. पात्यांवर किडे आणि धूळ बसते, त्यानं वीज घटते, म्हणून दोरीवर लटकून पाती धुतली. एकेक पातं, हातानं. गिअरचं तेल वेळेआधी बदललं. बंद पडलेली चक्की तासाच्या आत चालू झालीच पाहिजे, मग पाऊस असो की ऊन. पन्नाशीचा माणूस दिवसातून तीनदा शिडी चढायचा. गुडघे सुजायचे. ताई गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायची आणि मला फोनवर बोलायची, “तू तरी सांग ना त्यांना.” मी काय सांगणार, कपाळ माझं! मी सांगितलं तर मलाच फडकं देऊन वर चढवलं असतं.

कोणी रजा घेतली नाही. आमच्या वायरमनची आई त्या वर्षी गेली. दोन महिने अंथरुणावर होती. तो दाजींकडे आला होता, चार दिवस मागायला. दाजी नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, “चार नंबरची पाती राहिलीत, आणि वाऱ्याचे दिवस हेच आहेत. तू बघ.” त्यानं बघितलं आणि तो थांबला. आई गेली तेव्हा तो चार नंबरच्या पात्यावर दोरीला होता. खालून ओरडून सांगावं लागलं. मी तिथे होतो. त्यानं आधी हातातलं पुसून संपवलं, मग उतरला.

वर्ष संपलं. चौऱ्याऐंशी.

इतकं करून एक टक्कासुद्धा वाढला नाही, उलट घटला. दाजींनी आकडा तीनदा काढला. मग वही बंद केली आणि म्हणाले, “माणसांनी काही कमी केलं नाही. वारंच नव्हतं.” वायरमननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मला दाजींचा अभिमान वाटला होता, हे आज सांगायची लाज वाटते.

क्रेन आली. चौदा नंबरपासून उतरवायला सुरुवात झाली. पाती जमिनीवर निजवली की केवढी लांब दिसतात! पाच चक्क्या उतरल्या तेव्हा हेड ऑफिसकडून एक मुलगी आली, येणाऱ्या मोठ्या चक्क्यांसाठी कड्यावरचा वारा मोजायला. तिनं आपलं लेझरचं यंत्र नऊ नंबरच्या टपावर ठेवलं होतं, ती चक्की अजून चालू होती म्हणून. चार-पाच दिवसांनी ती माझ्याकडे पाना मागायला आली. वहीत लिहिता लिहिता सहज विचारते, “काका, तुमच्या चक्क्या वाकड्या का उभ्या असतात?”

मी म्हटलं, “वाकड्या? आमच्या? बाई, तू पाना घे आणि नीघ.”

ती म्हणाली, “नाही हो काका. वारा एकीकडून येतोय आणि नाक दुसरीकडे आहे. पंधरा अंश. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. आठची मी लांबून पाहिली, तीही तशीच. मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलंय.” आणि तिनं कागद पुढे केला. “इतकं तिरकं उभं राहिलं तर शंभरातले दहा युनिट आपोआप जातात. वारा इथे चांगला आहे. तुमच्या जुन्या नोंदींमध्ये आहे तेवढाच आहे.”

तिला घेऊन मी दाजींकडे गेलो. दाजींनी कागद वाचला, कमरेला पट्टा बांधला आणि नऊ नंबरची शिडी धरली. मीही मागे गेलो. पंधरा वर्षांत मी वर चढलो नव्हतो, धापा टाकत झाकणातून डोकं काढलं. दाजी आपल्या नेहमीच्या जागी बसले होते, कोंबड्याच्या मागे, एक डोळा मिटून. खूण बरोबर नाकावर होती. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

“बरोबर आहे की,” मी म्हटलं.

दाजींनी डोळा उघडला. खोलीच्या कोपऱ्यात बसून समोरच्या भिंतीच्या मधल्या दाराकडे पाहिलं तर नजर तिरकी जाते, समोर जात नाही. कोंबडा मध्यावर होता तोवर नाकाचा नेम म्हणजे समोरचा नेम. नव्या टपावर कोंबडा दीड हात बाजूला गेला होता, आणि दाजींनी सवयीनं नेम नाकावरच धरला. चौदा वेळा. अगदी अचूक. दुसरा कोणी असता तर थोडा इकडे, थोडा तिकडे चुकला असता, एखादी चक्की सरळ लागून गेली असती आणि आम्हाला कळलं तरी असतं. दाजींचा हात एकदाही हलला नव्हता.

त्यांनी पाना मागितला. बोल्ट ढिला केला, कोंबडा फिरवला, पुन्हा आवळला. चक्कीनं मान वळवली, कुरकुरत, थोडीशीच. खाली येऊन आम्ही आकड्यांसमोर बसलो. एक दिवस, दुसरा दिवस, तिसरा. तीच हवा, आणि शेजारच्या आठ नंबरपेक्षा नऊ नंबर दहा-अकरा टक्के पुढे. चौऱ्याऐंशीचे त्र्याण्णव झाले असते. मागितले होते नव्वद. दाजींनी तो हिशेब पाटीवर लिहिला नाही, तोंडानंही बोलले नाहीत. मीच मूर्खासारखा मोठ्यानं बोलून गेलो.

त्यांनी हेड ऑफिसला लिहिलं, स्वतःच्या अक्षरात, चूक माझी आहे म्हणून. चक्क्या ठेवा म्हणून. उत्तर दोन ओळींचं आलं. नोंद घेतली आहे, नव्या चक्क्यांचं सगळं ठरून गेलं आहे. आमच्या साइट इंचार्जनं दाजींना केबिनमध्ये बसवून समजावलं, “आता हे उकरून कोणाचं भलं होणार आहे? मूग गिळून बसा.” मीही तेच म्हटलं. ताई मात्र म्हणाली, “त्यांना सांगू दे. नाहीतर ते जगायचे नाहीत.” त्या वर्षात नवऱ्याच्या सुजलेल्या गुडघ्यांसाठी तिनं किती पाणी तापवलं असेल, पण त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

दाजींनी माणसं कॅन्टीनमध्ये बोलावली. उभे राहून सगळं सांगितलं, कोंबडा, टप, दीड हात, पंधरा अंश. कागदावर चित्र काढून दाखवलं. “वारा पडला नव्हता. मी पाडला. तुमच्या नोकऱ्या माझ्यामुळे गेल्या. मला काय बोलायचं ते बोला.”

मग मागून एक जण म्हणाला, “साहेबांनी वदवून घेतलं का तुमच्याकडून?”

दाजी म्हणाले, “नाही रे, मी स्वतः...”

“म्हणजे आता खापर तुमच्या डोक्यावर! त्या पोरीला त्यासाठीच आणली होती.”

झालं, सगळेच उसळले. सव्वीस वर्षं ज्या माणसानं फडकंसुद्धा लिहून नेलं त्याच्यावर आळ घेता? ओळंब्याचा डोळा चुकेल? ओळंबा असं त्यांना तोंडावर पहिल्यांदाच म्हणाले. दाजी जितकं पोटतिडकीनं सांगत होते तितका त्यांचा कैवार वाढत होता. शेवटी दाजी ओरडले, “अरे, शिव्या तरी द्या मला!” तर दोघांच्या डोळ्यात पाणी आलं.

वायरमन तेवढा मागच्या बाकावर बसून होता. गर्दी पांगल्यावर तो दाजींसमोर येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, “दाजी, तुमचं खरं धरलं तर मी त्या दिवशी दोरीवर कशाला लटकत होतो, ते सांगा मला.” दाजींनी चित्राचा कागद पुन्हा उलगडला आणि मिटला. वायरमन म्हणाला, “बघा. तुम्हालाही सांगता येत नाही. म्हणजे खोटंच आहे ते.” आणि गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं हेड ऑफिसला पत्र लिहिलं. आमच्या माणसावर खोटा दोष ठेवला आहे, तो मागे घ्या. कड्यावरचा वारा पडला हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. खाली सह्या. पत्र घेऊन तो माझ्या काउंटरला आला तेव्हा वीस झाल्या होत्या. मी पत्र वाचलं. त्याच्याकडे बघितलं. त्याची दाढी वाढली होती आणि पेन त्यानं माझ्यापुढे धरलं होतं. तो म्हणाला, “तुम्ही तर घरचे आहात. तुमची पहिली पाहिजे होती.”

मी आयुष्यभर लोकांशी एकेका वॉशरवरून भांडलो. त्या दिवशी मला एवढंच म्हणायचं होतं, अरे, मी टपावर होतो, मी पाहिलंय. मी सही केली.

हेड ऑफिसला पाठवायच्या आधी पत्र दाजींना दाखवायचं ठरलं, त्यांना बरं वाटेल म्हणून. वायरमन कड्यावर कामात होता, त्यामुळे ते मलाच घेऊन जावं लागलं. दाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी पत्र वाचलं, मग सह्या वरून खाली बोट फिरवत वाचल्या, एकेक नाव. माझ्या नावावर बोट थांबलं.

“तू वर आला होतास,” ते म्हणाले.

“हो.”

“तू पाहिलंस.”

“हो दाजी. पण वायरमन समोर उभा होता.”

त्यांनी कागदाची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “मग आता मी कोणाला सांगू?”

टपावर त्यांच्यासोबत मी एकटाच चढलो होतो. सही मी करून बसलो होतो.